काजळीच्या छबीची मोहीम

श्री. हुजुरांचा हुकूम जाहला की, एक्स-रेकाकांनी मांजराची छबी कैसी हस्तगत केली, मोर्चे कोठे लाविले, शिकस्त कोणकोणती खादली आणि अखेर यश कोणत्या मार्गे आले, ते साद्यंत लिहोन पाठवावे. पदरचा मीठमसाला घालो नये आणि कोणाची भीडही धरो नये. त्याजवरून सेवकाने उभय पक्षांस भेटोन, मांजराचाही रुकार घेऊन, जैसे घडले तैसे लिहिले आहे. मांजराचा रुकार म्हणजे ते उठोन गेले नाही, इतकेच. अधिक-उणे जाहले असेल ते हुजुरांनी पोटात घालावे.

एक्स-रेकाका म्हणजे इस्पितळातील एक्स-रेखात्याचे कदीम सरदार. उभी हयात त्यांनी रयतेची हाडे पाहण्यात घालविली. थोर थोर असामी त्यांजपुढे सदरा उतरोन उभ्या राहात, आणि काका फर्मावीत की, श्वास घ्या, धरा, हलू नका; मग आपण शिशाच्या पडद्याआड जात, कळ दाबीत, आणि बाहेर येऊन सोडा म्हणत. त्यांचा हुकूम होईतो श्वास सोडील ऐसी कोणाची छाती नव्हती. पुढे चाकरीची मुदत सरली आणि काका कायमचे घरी आले, तेथे मात्र हुकूम ऐकणारे कोणी उरले नाही. काकू तर पहिल्यापासोनच ऐकत नव्हत्या.

घरात तिसरी असामी काजळी. जातीने मांजर, रंगाने काळीकुट्ट, डोळे पिवळे, वंश ठाऊक नाही, मिजास मात्र तख्तावरची. एकुलत्या कन्येने, म्हणजे ताईसाहेबांनी, तीस रस्त्यावरोन उचलोन चपलांच्या खोक्यात घालोन घरी आणिले, तेव्हा काकांनी भर बैठकीत जाहीर केले की, या घरात एक तर मी राहीन, नाही तर हे मांजर. त्यास कोणी जबाब दिला नाही आणि दोघेही राहिले. मग काजळीने खिडकीजवळची काकांची खुर्ची दखल केली आणि काका स्टुलावर बसो लागले. पुढे ताईसाहेबांस दूर शहरी नोकरी लागली, आणि तेथील घरमालकास जनावराचे वावडे, सबब ताईसाहेब गेल्या आणि काजळी मागे राहिली.

आता नाजूक मजकूर लिहिणे प्राप्त आहे. काकू नाहणीघरात गेल्या म्हणजे काका काजळीस वर्तमानपत्र वाचोन दाखवीत. ताटातील मासळीचा काटा काढोन तुकडा हळूच टेबलाखाली सोडीत. कोणाची चाहूल लागली की मोठ्याने "हट्" म्हणत आणि पायाने तीस अलगद जवळ ओढीत. काकूंस हे सर्व ठाऊक होते, परंतु झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणोन त्या बोलत नव्हत्या.

ताईसाहेबांची आज्ञा होती की रोज मांजराचा एक फोटो धाडावा. फोनवर समोरासमोर बोलण्याची सोय होती, परंतु ती बंद करावी लागली, कारण ताईसाहेबांचा आवाज फोनातून आला की काजळी फोनच्या पाठीमागे जाऊन त्यांस शोधी, आणि न सापडल्या म्हणजे दाराशी बसोन राही आणि अन्नास शिवेना. म्हणोन फोटोच. काकूंचा फोन जुना, बटणांचा, त्यास फोटोचे अंग नाही; तेव्हा कामगिरी काकांकडे आली आणि काकांनी ती छाती फुगवोन घेतली. ज्याने जन्मभर माणसांच्या आतले फोटो काढिले, त्यास मांजराचे बाहेरचे काय अवघड, ऐसे ते बोलिले.

तेव्हा खात्याच्या रिवाजाप्रमाणे काकांनी काजळीस फरशीवर घेतले, आपण ताठ उभे राहिले, वरोन नेम धरिला, हलू नका ऐसे फर्माविले, आणि एक समोरून व एक बाजूने, ऐसे दोन फोटो रवाना केले. पहिल्यात फरशीवर शाई सांडिली होती. दुसऱ्यात एक शेपूट आणि अर्धा पाय होता. ताईसाहेबांनी पुसिले की हे काय आहे, त्यास काकांनी उत्तर पाठविले की, काजळी, बाजूने. मग उजेड कमी पडतो ऐसे समजोन फ्लॅश लाविला, तो कोळशाच्या खाणीत दोन निखारे तेवढे दिसो लागले. कधी नुसता कान आला, कधी रिकामी खुर्ची आली, आणि जे आले ते भूकंपात काढिल्यासारखे हललेले आले.

ऐसे होता होता ताईसाहेबांचे मनात किंतु आला आणि त्यांनी लिहिले, "बाबा, ती प्रत्येक फोटोत घाबरलेली दिसते. तिला कुणी मारत वगैरे नाही ना?"

हा बाण काकांस वर्मी लागला. त्यांनी लांबलचक उत्तर लिहिले आणि पुसिले, पुन्हा लिहिले आणि पुन्हा पुसिले, आणि अखेर "ठीक आहे" एवढेच पाठविले. बापलोकांची ही चाल फार जुनी आहे.

या संधीस मावशीसाहेब उठल्या. या काकूंच्या धाकट्या भगिनी, राहणार काकांच्याच शहरी, घरास गच्ची, गच्चीवर कुंड्या, आणि कुंडीगणिक फोटो. त्यांच्या फोटोत मिरचीचे रोपही बोहल्यावर उभे राहिल्यासारखे दिसे. त्यांनी भाचीचे कान भरिले की, मुके जनावर झुरत आहे, भावजींचा स्वभाव तुला ठाऊकच, मजकडे गच्ची आहे, ऊन आहे, पाठवोन दे. तेव्हा ताईसाहेबांचे फर्मान सुटले की, रविवारी मावशी टोपली घेऊन येईल आणि काजळीस घेऊन जाईल. तत्पूर्वी जीत तिचा चेहरा धड दिसतो आणि चेहऱ्यावर सुख दिसते ऐसी एक जरी छबी आली, तर फेरविचार करू. नाही तरी बाबांस मांजराचा जाचच आहे.

शेवटचे वाक्य काकांनी फिरफिरोन वाचिले. इतकी वर्षे मोठ्याने म्हटलेले हट् हट् सर्व एकदम परत आले होते.

मग काकूंनी मसलत दिली की, फोन उचलावा आणि पोरीस सरळ सांगावे, मला ती हवी आहे. इतकीच गोष्ट आहे, तीस मोहीम कशाला पाहिजे. त्यावर काका म्हणाले, "मांजर म्हणजे मांजर. गेलं तर गेलं. मला काय त्याचं?" ऐसे बोलोन खिडकीशी जाऊन चष्मा पुसो लागले, तो पुसतच राहिले. काजळी येऊन त्यांच्या पावलावर बसली. ती जाईल या धास्तीने काकांचे काळीज पाणी पाणी जाहले होते, हे सेवक निखालस लिहितो. काका स्वतः हे कबूल करणार नाहीत.

तेथोन खाशी मोहीम सुरू जाहली. प्रथम फितुरीचा डाव केला. खाऊचा डबा उघडोन दाणे फरशीवर मांडिले आणि फोन रोखोन बसले. काजळी आली, तोंड दाण्यांकडे आणि पाठ सरकारकडे करोन बसली, दाणे खलास केले, आणि पाठ तैसीच घेऊन निघोन गेली. काकांचे पदरी पाठीचे फोटो पडले. मणका सरळ आहे, एवढा अभिप्राय त्यांनी दिला.

मग मनसुबा फिरविला. एक्स-रेच्या खोलीत पाठीमागे सर्व पांढरे असते, म्हणजे काळे उठोन दिसते, ऐसा विचार करोन पडद्याच्या दांडीवर पांढरी चादर टांगिली आणि काजळीस तीपुढे उभे केले. काजळीने चादर हुंगली, तीस नखे लाविली आणि एल्गार करोन थेट माथ्यावर चढली, तो चादर, दांडी आणि दांडीचा खिळा समूळ काकांच्या अंगावर आला. काका चादरीत गुरफटोन आत कोणीकडे बाहेर कोणीकडे ऐसे चाचपडो लागले, आणि काजळी कपाटाच्या माथ्यावर, जो तिचा बालेकिल्ला, तेथे जाऊन पंजा चाटीत बसली. काकूंनी येऊन प्रथम चादर फाटली की कैसे ते पाहिले आणि मग काकांस सोडविले.

शक्तीने होत नाही तेथे युक्ती शोधावी, म्हणोन काका कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडे गेले. जन्मभर लोक सल्ल्यास यांजकडे यायचे, आज हे दुसऱ्याच्या दारी. परंतु अडला हरी गाढवाचे पाय धरी, आणि फोटोवाला तर भला माणूस होता. त्याने फोटो पाहिले, हसू दाबिले, आणि सांगितले की, फ्लॅश बंद ठेवावा. खिडकीचा उजेड बाजूने येईल ऐसे बसावे, म्हणजे काळ्या केसांस चमक येते. उंचावरून नेम धरो नये, तिच्या डोळ्यांच्या पातळीस उतरावे. आणि खरे मर्म पुढे.

"काका, मांजर हुकूम ऐकत नाही. तुम्ही आपले कंटाळून बसा. तुम्हाला कंटाळा आला की ते येतं."

ऐसे सांगोन त्याने हेही कबूल केले की, आपण मांजराचा फोटो कधी काढिला नाही. परंतु वर्षाखालची मुले आणि रुसलेले नवरदेव पुष्कळ काढिले, आणि ते फारसे निराळे नसतात.

काकांनी सल्ला मस्तकी धरिला. खुर्ची खिडकीस आडवी लाविली, आपण बुटके स्टूल घेऊन खाली आले आणि कंटाळो लागले. आणि खरोखर, काजळी आली, खुर्चीत बसली, उजेड तिच्या अंगावर पडला, तो जिला आजवर काळी म्हणत आलो तिच्या केसांत तपकिरी झाक आहे, हे काकांस प्रथमच दिसले. नेम धरिला, कळ दाबिली, पाहतात तो कानाखालचे सर्व मांजर हजर आणि वरचे गैरहजर, आणि हजर ते हललेले. पुन्हा दाबिली, तीच गत. दिवसभर ऐसे चालले. मग काकांनी फोनास दोष दिला, खिडकीच्या काचेस दिला, फोन बनविणाऱ्यांच्या सात पिढ्यांस दिला, आणि पलीकडे भाजी निवडीत बसलेल्या काकू म्हणाल्या की, नाचता येईना अंगण वाकडे.

परंतु बोलता बोलता काकूंचे हात थांबले. त्यांनी भाजी बाजूस ठेविली आणि नवऱ्याकडे ऐसे पाहो लागल्या की, लग्नानंतर तितके निरखोन पाहिले नसेल.

"अहो," त्या म्हणाल्या, "बटण दाबताना तुम्ही मागे का सरता?"

काका म्हणाले की, मी सरत नाही. काकू म्हणाल्या की, सरता, आणि मानही फिरवता. यावर तंटा जाहला. तेव्हा न्यायनिवाडा करण्याकरिता काकूंनी ओट्यावर चहाची किटली मांडिली, काकांस पुढे उभे केले आणि म्हणाल्या की, काढा हिचा फोटो, ही काही पळणार नाही. काकांनी नेम धरिला, अंगठा खाली गेला, आणि अंगठ्याबरोबर काका समूळ मागे गेले आणि त्यांचा पाय काजळीच्या पाण्याच्या वाडग्यात पडला. फोटोत किटलीचे झाकण नव्हते.

काकांनी पाय वाडग्यातून काढिला. आणि काकांस उमगले. कळ दाबायची म्हणजे पडद्याआड जायचे. पडद्याआड गेले नाही तर जिवास अपाय. हे अंगाने इतकी वर्षे केले, ते डोके विसरले तरी अंग विसरले नाही. जित्याची खोड म्हणतात ती ही. तेथे कळ पडद्याआड होती म्हणोन चालोन गेले. फोनाची कळ हातात, म्हणोन काका मागे सरले की फोटोही मागे सरे.

काकूंनी कपाटातील फोटोंचे जुने पुस्तक आणिले. पाने उलटिली, तो सर्व उलगडा जाहला. डोंगरावरच्या सहलीत काकू गळ्यापर्यंत. वाढदिवसात केक संपूर्ण, पोर खांद्यापर्यंत. शाळेचा पहिला दिवस, त्यात बुटांची नाडी आहे, पाण्याची बाटली आहे, गणवेशाची इस्त्री आहे, आणि चेहऱ्याच्या जागी शाळेची भिंत आहे. घरच्यांनी त्या काळी कॅमेऱ्यास दोष देऊन दोन कॅमेरे बदलिले होते.

काका ते पान उघडे ठेवोन बसले. मग म्हणाले, "जगाला धरा धरा म्हणत राहिलो, आणि पोरीचा एक चेहरा धरता आला नाही मला." काकूंनी त्यावर थट्टा केली नाही. काकांस रडू आले आणि काकूंसही आले, ते दोघांनी एकमेकांस दाखविले नाही.

शनिवार उजाडला. मोहिमेची सूत्रे काकूंनी हाती घेतली आणि त्यांचा डावपेच सेनानीस लाजविणारा होता. त्यांनी सांगितले की, खोड मोडणे आता या वयात होत नाही, तेव्हा खोडीची वाट बंद करावी. मग रजईची घडी घालोन फरशीवर अंथरिली, तीवर काकांस पालथे घातले, कोपरे जमिनीस टेकविली, आणि तळपाय मागे कपाटास भिडविले. मागे सरायचे म्हटले तर कपाट सरकविणे आले, आणि ते कपाट चार हमालांनी शिव्या देत आणिलेले होते. पुढे खिडकीचा उजेड, मागे शिसवी लाकूड, मध्ये एक्स-रेकाका.

काजळी बालेकिल्ल्यावर होती. काकांनी बोलाविले नाही. वर्तमानपत्र पुढे ओढोन तीस रोजच्याप्रमाणे वाचोन दाखवो लागले, आणि आज काकू समोर असोन मोठ्याने वाचीत होते, हे बखरीत मुद्दाम नोंदविले आहे. बाजारभाव जाहले, हवामान जाहले, पाय बधिर जाहले, कंबरेने अर्ज केला तो नामंजूर केला. मग कपाटावरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून फरशीवर ऐसी मजल दरमजल करीत काजळी खाली उतरली आणि चालोन येऊ लागली.

नेमकी त्याच वेळेस दारावरची घंटा वाजली. मावशीसाहेब एक दिवस आधीच, वाटेवरच होते म्हणोन, टोपलीनिशी दाखल जाहल्या. काजळीने कान टवकारिले. काकूंनी धावोन दार उघडिले आणि सख्ख्या बहिणीच्या ओठांवर बोट ठेविले. मावशीसाहेब जन्मात कधी गप्प बसल्या नव्हत्या, परंतु जमिनीवर पालथे पडोन मांजरास बाजारभाव सांगणारे भावजी पाहिले आणि त्यांची वाचा बसली.

काजळी थबकली, विचार केला, आणि काकांपासोन हातभर अंतरावर येऊन उजेडात बसली. काकांनी नेम धरिला. आणि सवयीने, अगदी हळू, म्हणाले, "श्वास धरा." काजळीने ऐकिले न ऐकिले, परंतु काकांनी आपला धरिला, काकूंनी धरिला, आणि उंबऱ्यात टोपली छातीशी धरोन उभ्या मावशीसाहेबांनीही धरिला. अंगठा खाली जाऊ लागला तैसे काकांचे अंग मागे जाऊ लागले, तळपाय कपाटावर रेटले गेले, कपाट करकरले आणि जागचे हलले नाही. मान फिरो लागली, ती काकांनी मोठ्या निश्चयाने जागी ठेविली, कारण समोर ती होती आणि थेट त्यांजकडे पाहात होती. पाहता पाहता तिने डोळे हळूच अर्धे मिटिले. त्याच क्षणी कळ दाबिली गेली.

"सोडा," काका म्हणाले, आणि खोलीतील सर्वांनी श्वास सोडिला.

छबी पाहिली, तो दोन्ही कान आहेत, एकेक मिशी निराळी मोजोन घ्यावी ऐसी आहे, केसांत ती तपकिरी झाक आहे, आणि काही म्हणजे काही हललेले नाही. फक्त डोळे पुरते उघडे नाहीत, म्हणोन काका खट्टू जाहले. परंतु आता पुन्हा पालथे पडण्याची कंबरेची तयारी नव्हती, सबब तीच छबी ताईसाहेबांकडे रवाना केली, आणि काकूंनी चहा टाकिला, आणि तिघेजण तो फोन मध्ये ठेवोन बसले. मावशीसाहेबांनी टोपली पायाशी ठेविली होती.

चहा निवण्याच्या आत फोन वाजला. काकांनी काजळी ऐकेल म्हणोन तो कानाशी घट्ट धरिला. ताईसाहेबांनी पुसिले की, हा फोटो कोणी काढिला, मावशीने का. काका म्हणाले की, मी. त्यावर ताईसाहेब म्हणाल्या,

"बाबा, ती असे डोळे सगळ्यांकडे बघून नाही मिटत. माझ्याकडे बघून मिटायची फक्त. किती दिवस चाललंय हे?"

आता या जागी माणूस गडबडतो. काकांच्या तोंडी "मला काय त्याचं" हे शब्द तयार होते, आणि त्यांचे अंगही थोडे मागे गेले. परंतु पाठीशी टेबलाजवळच्या खुर्चीची पाठ होती आणि खुर्चीमागे काकू येऊन उभ्या होत्या.

"मला ती हवी आहे," काका म्हणाले. "इथंच राहू दे तिला. मी वर्तमानपत्र वाचतो तिच्यासाठी."

"मग आधी नाही का सांगायचं?" ताईसाहेब म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज हसरा होता की ओला, हे सेवकास नक्की लिहिता येत नाही. मग तह जाहला. काजळी इथेच राहावी; मावशीसाहेबांनी पाहिजे तेव्हा येऊन फोटो काढावे, मांजर नेऊ नये; आणि शेवटचे कलम ताईसाहेबांनी आपल्या मुखे सांगितले.

"मी सुट्टीला आले की माझाही एक काढा. डोकं असलेला."

काका हो म्हणाले आणि फोन काकूंच्या हाती दिला.

इतके होईतो काजळी टोपलीत शिरली होती. मावशीसाहेब निघताना टोपली मागो लागल्या, तो आत वेटोळे घालोन निजलेली, आणि उठविण्याची कोणाची प्राज्ञा नाही. मावशीसाहेब हात हलवीत परत गेल्या. टोपली युद्धातील लूट म्हणोन सरकारजमा जाहली आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर मांडिली. काका अद्याप स्टुलावरच बसतात.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली आणि बालेकिल्ला, मांजर व टोपली घरच्या अंमलात राहिली, ही नोंद कायम करावी. ताईसाहेबांच्या सुट्टीस अवकाश आहे, तोवर हात बसावा म्हणोन काकांनी दुसरे दिवशी कपाटास पाठ लावोन काकूंचा एक फोटो काढिला. लग्नापासोन हा पहिलाच फोटो की ज्यात काकूंचे डोके आहे. परंतु कळ दाबतेवेळी काका मागे न सरता समोर उभे आहेत हे पाहोन काकूंस हसू आले आणि त्यांचे डोळे अर्धे मिटले. फोटो बिघडला, पुसोन टाका, ऐसा त्यांनी हुकूम केला.

तो हुकूम काकांनी मानिला नाही. लेखनसीमा.